विषय: जुना गार्डन ट्रॅक्टर, किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'

नमस्कार मंडळी,

नव्या घरासोबत १९८०च्या दशकातला एक गार्डन ट्रॅक्टर आलाय. दोन सिलिंडर, १८ हॉर्सपॉवर. किल्ली फिरवली की टक् आवाज येतो आणि पुढे काही नाही. पुन्हापुन्हा फिरवत राहिलं की मधेच जोरात सेल्फ मारतो आणि लगेच सुरू होतो. बॅटरी नवी टाकली, फरक शून्य. दुकानदार म्हणतो, स्टार्टर (सेल्फची मोटर) बदला. बर्फ पडायच्या आत त्याला बर्फ उडवायचा ब्लोअर जोडायचा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

— लान्सिंगहून

---

काका, नमस्कार.

स्टार्टर इतक्यात घेऊ नका. मधेच का होईना, तो जोरात फिरतो, म्हणजे मोटर बहुतेक धडधाकट आहे आणि करंट वाटेत अडतोय. साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) आणि किल्ली फिरवायला घरातलं कुणीतरी, एवढं पुरे. आधी हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आणि पात्यांचा स्विच बंद.

मीटरची टोकं क्लॅम्पवर नको, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जायला नको. मग एक टोक प्लसच्या खुंटीवर, दुसरं स्टार्टरच्या जाड बोल्टवर ठेवून किल्ली फिरवायला सांगा. मोटर फिरत असताना अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, तर तेवढे व्होल्ट केबल, जोड नाहीतर सॉलेनॉइड (किल्लीच्या बारीक करंटवर स्टार्टरचा मोठा करंट जोडणारा स्विच) खातंय. मोटर फिरलीच नाही आणि पूर्ण १२ दिसले, तर सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जुळत नाहीत. हेच मायनसची खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात करा. तिथे ०.३च्या वर नको. लोक प्लसच्या मागे लागतात आणि अर्थिंग कुणी बघतच नाही! इंजिन रबरी माउंटवर असेल तर त्याचा अर्थिंगचा पट्टा नक्की शोधा.

राहिली सॉलेनॉइडची बारीक वायर. किल्ली, ब्रेक पेडलचा स्विच, पात्यांचा स्विच, काही मॉडेलांत सीटचाही, असा सगळा वळसा घालून करंट तिथे पोचतो. इतक्या वर्षांचा प्रत्येक कॉन्टॅक्ट थोडे थोडे व्होल्ट खातो आणि शेवटी सॉलेनॉइड ओढायला जोर उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे गाडीचा ३० अँपिअरचा रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा स्विच. त्याच्या पिनांवर आकडे असतात: जुनी बारीक वायर ८६ला, चासी ८५ला, बॅटरीजवळ फ्यूज घालून प्लसची वायर ३०ला आणि ८७वरून सॉलेनॉइडला. सेफ्टी स्विच आहेत तसे कामात राहतात. ते कुणी बायपास करायला सांगितलं तर ऐकू नका.

स्क्रूड्रायव्हरने स्टार्टर शॉर्ट करून बघायचं तर नावच काढू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चाकासमोर उभ्या माणसाच्या अंगावर जातो. असे जीव गेलेत.

— अॅन आर्बरहून

---

खूप आभार. प्लसच्या बाजूला ०.२, पण अर्थिंगला तब्बल १.६! मायनसची केबल चासीला जिथे बसते तो बोल्ट सोडवला, तर केबलच्या टोकाच्या कडीखाली गंज आणि हिरवट पूड. वायरब्रशने लोखंड चकचकीत केलं, दातेरी वॉशर नवा घातला. आता पहिल्याच किल्लीला घेतो. रिले तरीही टाकायचा का?

---

सेल्फ मारताना बारीक वायरवर पुन्हा मोजा. तिथला आकडा बॅटरीच्या आकड्यापेक्षा दीड व्होल्टहून जास्त खाली असेल तर टाकाच, थंडीत तोच फरक नडतो. आणि इंजिन पूर्ण वेगात असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसतात का बघून इथेच कळवा. नसतील तर नवी बॅटरीही चार दिवसांत बसेल. मग स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) आणि रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) तपासू.