अनुभव धागा: तुमचा पहिला हातातला व्हिडिओ गेम (आणि त्याचे सेल कोण आणायचं)

टीव्हीला जोडायच्या मोठ्या गेमवर बोलणारे भरपूर आहेत, इथं फक्त हातात मावणारे आणि स्वस्तातले. ब्रिक गेम, निन्टेंडो कंपनीचा गेम बॉय, त्याची चायना कॉपी, आत्ताचे ते जुने गेम चालवणारे रेट्रोवाले, काहीही चालेल. कुठं घेतला, पैसे कोणी दिले, सेल कुठून यायचे ते लिहा. आमच्या वेळी सूरपारंब्या होत्या वगैरे माहितीये, त्याला वेगळा धागा काढा.

शनिवारपेठी
अख्ख्या वाड्यात मिळून एक ब्रिक गेम, मामानं तुळशीबागेतून घासाघीस करून आणलेला. वर ठळक अक्षरात ९९९९ इन १. प्रत्यक्षात टेट्रिस (वरून पडणारे ठोकळे रचायचा), साप, रणगाडे, गाड्यांची रेस आणि अजून दोनचार, बाकी सगळे तेच, फक्त स्पीड नाहीतर लेव्हल बदललेली. तरी आम्ही पोरं नंबर वाढवत बसायचो, पुढं कधीतरी वेगळं काहीतरी निघेल म्हणून. मेला की गेम पुढच्याच्या हातात असा नियम, पण मोठा दादा मेला की बटणच अडकलेलं असायचं. आवाज बंद करता येतो हा शोध आजोबांचा, दुपारच्या झोपेपायी. आणि सेल! पेन्सिल सेल संपत आले की चौकोन फिके पडायचे, मग ते काढून दातानं चावायचे, उन्हात ठेवायचे, शेवटी भिंतीवरच्या घड्याळातला काढायचा. घड्याळात एकच आणि याला लागायचे दोन, म्हणून टीव्हीच्या रिमोटवर पण डोळा. घड्याळ बंद दिसलं की आजी आधी आमचे खिसे बघायची.

हिंजवडीत अडकलेला
माझ्याकडं खरा गेम बॉय होता, अमेरिकेतल्या आत्यानं आणलेला. शाळेत नेला तर पोरं म्हणाली यापेक्षा ब्रिक गेम बरा, रंग यालाही नाही आणि त्यात ९९९९ तरी आहेत. तेव्हा मलाही वाटायचं की निन्टेंडोला रंगीत जमलं नसणार. पण ते मुद्दाम होतं. गुनपेई योकोई म्हणून त्यांचा माणूस, त्याचं म्हणणं असं की जुनं झालेलं, स्वस्त पडणारं, सगळे गुणदोष माहीत असलेलं तंत्र घ्या आणि त्यातून नवीन गंमत काढा. १९८९ ला जपानात १२,५०० येनला आला, हिरवट पडदा, १६० बाय १४४ ठिपके, छटा फक्त ४. त्याच वर्षी अटारी कंपनीचा हातातला लिंक्स आला, रंगीत, पडद्यामागं दिवा, सगळं झकपक, पण अमेरिकेत गेम बॉय ९० डॉलरला आणि हा १८० ला. वर ६ सेल घालून ४-५ तासांत मान टाकायचा. गेम बॉय ४ सेलवर १५ तास आरामात. पुढं आलेला रंगीत गेम बॉय कलर धरून ११ कोटी ८० लाखांच्या वर विकले, लिंक्स आज कोणाला आठवतो? १९९३ मध्ये सेरेब्रोव्ह नावाचा रशियन अंतराळवीर टेट्रिस घातलेला गेम बॉय मीर या अंतराळ स्थानकावर घेऊन गेला होता.

कॅम्पातला
सेलचं कौतुक पुरे. माझ्या मावसभावाकडं सेगा कंपनीचा हातातला गेम गियर होता, पडद्यामागं दिवा, म्हणून लाईट गेले तरी खेळता यायचं, गेम बॉयवाले तेव्हा टॉर्चच्या उजेडात पडदा तिरका धरून बसलेले. आता हे खरंय की त्यालाही ६ सेल लागायचे, त्यामुळं एरवी तो अ‍ॅडॉप्टर लावून प्लगपाशीच असायचा. म्हणजे हातातला कसला, दावणीला बांधलेला. पण रंग होते राव.

सोल्डरवाले काका
बुधवार पेठेत बरीच वर्षं रिपेरिंग केलं, म्हणून लिहितो. ब्रिक गेमचा पडदा म्हणजे आधीच छापलेले १० बाय २० चौकोन, ते पेटणार किंवा विझणार, त्याच्या आत बसेल तेवढाच गेम. आत बघाल तर काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली चिप, ती गेली की गेलीच. पण बहुतेक वेळा चिप नाही जात. रेघा गायब असतील तर पडदा आणि बोर्डाच्या मधली रबरी पट्टी सरकलेली असते, स्पिरिटनं पुसून नीट दाबून बसवा. गेम बॉयला उभ्या रेघा जातात, तिथं केबलच्या जोडावर सोल्डरिंग आयर्न हलक्या हातानं फिरवलं की परत येतात. गरम जास्त केलं तर पडदा कायमचा गेला, मग मला विचारू नका.

टेट्रिसवाली आई, कोथरूड
लेकाच्या हातात मोबाईल नको म्हणून अ‍ॅनबर्निक कंपनीचा आरजी ३५ एक्सएक्स हा हातातला रेट्रो गेम घेतला, साडेतीन इंची पडदा, ६४० बाय ४८०, मोबाईलच्याच चार्जरवर चालतो, बऱ्याच जुन्या मशीनचे गेम चालतात. मेमरी कार्डात हजारो गेम भरून येतात पण ते काही कंपन्यांच्या परवानगीनं भरलेले नसतात, हे त्याला सांगून ठेवलंय. तो दोन दिवसांत कंटाळला. आता स्वयंपाक झाला की मी खेळते आणि सासूबाई बाजूला बसून उभी काठी कुठं टाकायची ते सांगतात, आणि बरोबर सांगतात!

शनिवारपेठी
काका, जुन्या बाजारात रविवारी एक गेम बॉय बघितलाय, पडदा ठीक आहे पण सेलच्या डब्यात हिरवट काहीतरी साचलंय. घेऊ का?

सोल्डरवाले काका
सेल गळालेत. नुसत्या सेलला टेकणाऱ्या पत्र्यावर असेल तर व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशनं निघेल. बोर्डापर्यंत गेलं असेल तर सोडून द्या. आणि जाताना स्वतःचे ४ सेल घेऊन जा, तिथं विकणारा 'चालू आहे' म्हणणारच.