सिलिकॉन ऑइल असलेल्या डोळ्यात प्रेशर ३४: आधी तेल काढायचं, ट्रॅब करायची की व्हॉल्व्ह?

लिंबस७

पडदा (रेटिना) सरकल्यामुळे विट्रेक्टॉमी (आतली जेली, म्हणजे विट्रियस, काढायची शस्त्रक्रिया) झालेला डोळा. आत पडद्याला आधार म्हणून १००० सेंटिस्टोकचं (दाटपणाचं माप) सिलिकॉन ऑइल, पाच महिने झाले. कृत्रिम भिंग आहे, बकल (डोळ्याला बाहेरून लावायचा पट्टा) नाही, पडदा सगळीकडे नीट बसलाय. डोळ्याचं प्रेशर ३४ मिमी पारा. थेंबांत टिमोलोल-डॉर्झोलामाइड आणि ब्रिमोनिडिन चालू, शिवाय ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या २५० मिग्रॅ दिवसातून तीनदा. प्रेडनिसोलोनचे (स्टिरॉइड) थेंब अजून दोन वेळा. डोळ्याच्या नसेचा कप (डिस्कमधला खळगा, डिस्कच्या प्रमाणात) ०.८, दुसऱ्या डोळ्यात ०.४. नजर ६/३६.

एक मत असं की तेल काढा, प्रेशर आपोआप उतरेल. दुसरं, मायटोमायसिन (व्रण धरू न देणारं औषध) लावून ट्रॅब (ट्रॅबेक्युलेक्टॉमी, पाण्याला बाहेर जायला नवी वाट करायची शस्त्रक्रिया) करा. तिसरं, सरळ व्हॉल्व्ह (पाणी बाहेर नेणारी नळी आणि तिची प्लेट) घाला. यातलं कोणतं कधी? व्हॉल्व्ह घालायचाच तर नेहमीसारखा वर, कानाच्या बाजूला घालायचा का? आणि घरच्यांना निकालाबद्दल काय सांगायचं?

गोनिओप्रेमी

एवढं सगळं लिहिलंत, पण गोनिओस्कोपी (आरशाच्या भिंगातून अँगल, म्हणजे कॉर्निया आणि आयरिसमधला कोपरा, बघणं) कुठेच नाही. या डोळ्यात तीच पहिली. प्रेशर का चढलं ते कळल्याशिवाय तिन्ही मतं अंदाजपंचे आहेत.

घड्याळातल्या बाराच्या ठिकाणचा, म्हणजे वरचा, अँगल नीट बघा. तेलाचं पायसीकरण झालं (ते फुटून बारीक थेंब झाले) असेल तर ते थेंब वर तरंगत जाऊन ट्रॅबेक्युलर जाळीवर (डोळ्यातलं पाणी गाळून बाहेर नेणारी जाळी) बसतात आणि साबणाच्या फेसासारखा पांढरट थर दिसतो. थोडा असेल तर वरची पापणी उचलून पेशंटला खाली बघायला लावलं तरच सापडतो, एरवी हमखास सुटतो. जाळी उघडी आणि वर फेस, हे एक चित्र. अँगल चिकटून बंद झालेला, हे दुसरं. आयरिसवर नव्या रक्तवाहिन्या असतील तर मामलाच वेगळा: आधी पडद्यावर लेझर आणि बेव्हॅसिझुमॅब १.२५ मिग्रॅ, मग बाकीचं.

भिंग नसलेला डोळा असता तर सहाच्या ठिकाणची (खालची) इरिडेक्टॉमी, म्हणजे आयरिसमध्ये केलेलं भोक, उघडी आहे का, हे पहिल्यांदा विचारलं असतं. तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण ०.९७, त्यामुळे ते वर चढतं आणि पाण्याला वाट खालूनच मिळते. फायब्रिनने ते भोक बुजलं की प्युपिलरी ब्लॉक होतो, म्हणजे बाहुलीतून पाणी पुढे येत नाही. अशा वेळी यॅग लेझरने ते मोकळं केलं तर मोठी शस्त्रक्रिया टळू शकते.

औषधांबद्दल दोन गोष्टी. पाचव्या महिन्यात प्रेडनिसोलोन का चालू आहे? दाह नसेल तर बंद करा. स्टिरॉइडमुळे चढलेलं प्रेशर बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांत उतरतं. पण ०.८ कपची नस ३४ वर चार आठवडे ताटकळत ठेवू नका. आठवड्यात उतार दिसला नाही तर पुढच्या तयारीला लागा. दुसरं, डॉर्झोलामाइड आणि ॲसिटाझोलामाइड एकाच एन्झाइमवर काम करतात. पुरेशा गोळ्या चालू असताना त्या थेंबांनी फारसं काही वाढत नाही. गोळ्या लांबवायच्या असतील तर किडनी आणि पोटॅशियम तपासा.

पडदेवाला

तेल काढणं ही पडद्याची शस्त्रक्रिया आहे, काचबिंदूची नव्हे. पडदा बसलेला असेल तर तीन ते सहा महिन्यांत तेल काढायचंच असतं, म्हणजे वेळ तशीही झालीच आहे. पण त्याने प्रेशर उतरेलच, असं वचन कुणी देऊ नये. मोठा गोळा बाहेर येतो, जाळीत रुतलेले सूक्ष्म थेंब येत नाहीत. अँगल चिकटलेला असेल तर तेल काढून प्रेशरमध्ये जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

फेस नुकताच दिसायला लागलाय आणि नस शाबूत आहे, अशा डोळ्यात फक्त तेल काढून वाट बघणं योग्य. तुमच्या डोळ्यात नस अर्धी गेलेली आहे, म्हणून तेल काढणं आणि व्हॉल्व्ह एकाच बैठकीत करावं, असं माझं मत. तेल काढताना द्रव-हवा अदलाबदल किमान दोन-तीनदा करा. प्रत्येक वेळी हवेखाली द्रवाच्या पृष्ठभागावर थेंबांची साय जमते, ती शोषून घ्या. एकदाच केली तर उरलेले थेंब पुढचे काही महिने अँगलकडे जात राहतात.

पडद्याची कड, विशेषतः खालची, आधी भिंगातून बारकाईने तपासा. संशय वाटला तर लेझर करून मगच तेल काढा. तेल काढल्यावर पडदा पुन्हा सरकू शकतो, हे घरच्यांना ऑपरेशनच्या आधी सांगायचं, नंतर नाही.

नळी_आणि_प्लेट

ट्रॅब या डोळ्यात नको. विट्रेक्टॉमीच्या जागी कंजंक्टायव्हा (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण) आधीच चिकटलेला असतो आणि ट्रॅबचं भोक वर असतं, तेलही वरच. आज ना उद्या तेल त्या वाटेने ब्लेबमध्ये (कंजंक्टायव्हाखाली पाणी साठतो तो फुगा) शिरतं, मग दाह आणि व्रण. टीव्हीटी (ट्यूब विरुद्ध ट्रॅब) अभ्यासात आधी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांत पाच वर्षांनी अपयश ट्यूबमध्ये २९.८ टक्के आणि ट्रॅबमध्ये ४६.९ टक्के होतं.

व्हॉल्व्हच्या जागेचा प्रश्न बरोबर विचारलात. तेल आतच राहणार असेल तर प्लेट खाली, नाकाच्या किंवा कानाच्या बाजूला. वर घातली तर तेल नळीतून थेट प्लेटवर जातं, कंजंक्टायव्हाखाली चकाकणारे गोळे दिसतात. तेल पूर्ण काढणार असाल तर वर कानाच्या बाजूला चालतं, पण तिथला कंजंक्टायव्हा हलतो का ते आधी कापसाच्या बोळ्याने सरकवून बघा.

अहमद व्हॉल्व्ह, १८४ चौरस मिमीची प्लेट. घालण्याआधी २७ गेजच्या कॅन्युलाने नळीतून १ मिलि बीएसएस (डोळ्यासाठीचं क्षारद्रावण) सोडा, धार प्लेटवर आलीच पाहिजे. आतली पातळ पाती निर्जंतुकीकरणात एकमेकांना चिकटलेली असतात. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी प्रेशर ४०, आणि सगळे दोष देतात नळी बुजल्याला. व्हॉल्व्हचा भाग चिमट्यात कधीही धरू नका, पाती वाकतात.

प्लेटची पुढची कड लिंबसपासून (कॉर्निया आणि पांढऱ्या भागाची सीमा) ८ ते १० मिमी मागे, ९-० प्रोलीनचे दोन टाके. नळी कॉर्नियाकडे तोंड राहील अशी तिरकी कापा, आत २ ते ३ मिमी पुरे. वाट २३ गेजच्या सुईने, लिंबसच्या जरा मागून, आयरिसला समांतर. २२ गेज घेतली तर नळीच्या बाजूने गळतं. नळीवर स्क्लेरा किंवा कॉर्नियाचा पॅच द्याच. तेल काढलेल्या डोळ्यात नळी पार्स प्लानातून (पडद्याच्या पुढचा सपाट पट्टा), लिंबसच्या ३.५ मिमी मागून घालता येते, पण विट्रियसची कडेची झालर पूर्ण छाटलेली हवी, नाहीतर तीच नळीत शिरून बसते.

काय बिघडतं? विट्रियस नसलेल्या डोळ्याला आतून आधार नसतो. नळी घालताना प्रेशर एकदम शून्यावर गेलं तर कोरॉइडमागे रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून इन्फ्युजन (डोळ्यात सोडलेला द्रव) चालू असतानाच नळी घाला आणि शेवटी पुढच्या कप्प्यात थोडं व्हिस्कोइलास्टिक (आधार देणारं घट्ट जेल) ठेवा. मग साधारण तिसऱ्या आठवड्यापासून प्लेटभोवती पिशवी जाडावते आणि प्रेशर २५-३० पर्यंत चढतं. हे अपयश नाही. टिमोलोल-डॉर्झोलामाइड लगेच सुरू करा, दोन-तीन महिन्यांत बऱ्याच डोळ्यांत खाली येतं.

गोनिओप्रेमी

@नळी_आणि_प्लेट, सल्ला पटला, पण तो आकडा इथे लावू नका. टीव्हीटीमध्ये सिलिकॉन ऑइल असलेले आणि बकल झालेले डोळे घेतलेच नव्हते. ट्रॅब नको हे तुम्ही दिलेल्या बाकीच्या कारणांवरून खरं आहे, त्या टक्क्यांवरून नाही. घरच्यांना २९.८ सांगितलं तर फसवणूक होईल.

लिंबस७

गोनिओ केली. घड्याळाच्या हिशोबात वरच्या तीन तासांएवढ्या भागात फेस, बाकी जाळी उघडी, नव्या रक्तवाहिन्या नाहीत. स्टिरॉइड बंद करून आठ दिवस झाले, प्रेशर ३१. एक सहकारी डायोड लेझर (पाणी तयार करणाऱ्या सिलिअरी बॉडीवर द्यायचं) सुचवतोय. आणि निकालाचं कुणीतरी सांगा.

नळी_आणि_प्लेट

तीनने उतरलं, एवढ्यावर थांबू नका. पडदेवाल्यांनी म्हटलंय तेच करा, तेल आणि व्हॉल्व्ह एकत्र.

डायोड म्हणजे ८१० नॅनोमीटर, २००० मिलीवॅट, २ सेकंद, १८ ते २० ठिपके. तीन आणि नऊच्या जागा सोडायच्या, तिथून लांब सिलिअरी नसा जातात. फट्ट आवाज आला की २५० ने पॉवर कमी. मोजकं केलं तर पुन्हा करावं लागतं, जास्त झालं तर डोळा मऊ पडून आक्रसतो, आणि मधलं माप आधी कळत नाही. ६/३६ नजरेच्या डोळ्यात तो दुसरा पर्याय. कंजंक्टायव्हा अजिबात हलत नसेल तर पहिला.

निकालाचं असं सांगा: गेलेलं दिसणं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचंय. थेंब बहुधा चालूच राहतील. एबीसी (अहमद आणि बेअरवेल्ट यांच्या तुलनेच्या) अभ्यासात अहमद व्हॉल्व्ह घातलेल्या डोळ्यांत पाच वर्षांनी सरासरी प्रेशर १४.७ होतं, तेही साधारण दोन औषधांसह, आणि ते डोळे याच्याइतके अवघड नव्हते. शोधनिबंधांत ‘यशस्वी’ म्हणजे अनेकदा थेंबांसह २१ पर्यंत प्रेशर. ०.८ कपला २१ पुरत नाही, पंधराच्या आत धरा.

पडदेवाला

पुढच्या तपासण्यांबद्दल एक. अशा डोळ्यात नर्व्ह फायबरचा ओसीटी (नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन) दगा देतो. पडद्याच्या शस्त्रक्रियेनेच जाडी बदललेली असते, हिरवा-लाल रंग बघून निर्णय नको. फील्ड (नजरेचा आवाका मोजणारी तपासणी) करताना तेल काढल्यावरचा चष्म्याचा नवा नंबर लावा. तेल असताना नंबर प्लसकडे बराच सरकलेला असतो, जुना लावला तर सगळं फील्ड फिकट येतं. त्यातल्या त्यात भरवशाचे म्हणजे डिस्कचे फोटो, त्याच कॅमेऱ्याने, दर सहा महिन्यांनी.

आणि प्लेट खाली घातली असेल तर दर भेटीला खालची पापणी ओढून पॅच बघा. खालच्या बाजूची नळी उघडी पडायचं प्रमाण वरच्यापेक्षा जास्त असतं, आणि उघड्या नळीतून जंतू सरळ आत जातात. लाली, चिकटा किंवा दुखणं सुरू झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं, हे पेशंटच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.