ओढ्यात राडारोडा टाकणारे डंपर: पावती फाटते, ढीग मात्र हलत नाही

नदीकाठ:
पुण्यात ओढ्यांच्या कडेला आणि मुठेच्या काठावर रात्री अकरानंतर डंपर रिकामे होतात. महापालिकेच्या ॲपवर फोटोसह तक्रार टाकली की दोन दिवसांत "निराकरण झाले" असा शेरा येतो. ढीग तिथेच असतो, फक्त वरून मुरूम पसरून सपाट केलेला. गाडी सापडलीच तर चालकाच्या नावाने पावती फाडून सोडून देतात. प्रकरण टिकायला पुरावा कसा हवा, जायचं कोणाकडे, आणि राडारोडा ज्याचा त्याच्यापर्यंत पोचायचं कसं?

पंचनामा:
बहुतेक फोटोंत एक तर नंबर दिसतो, नाहीतर माल. दोन्ही एकत्र दिसत नाहीत, आणि चालक "मी नुसता उभा होतो" म्हणून मोकळा. त्यापेक्षा वीस-तीस सेकंदांचा सलग व्हिडिओ घ्या: आधी विजेच्या खांबावरचा क्रमांक, मग उचललेला हौदा, मग मागची पाटी. समोरून घेऊ नका, हेडलाइटच्या झोतात पाटी पांढरीफटक होते. मूळ फाइल मोबाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवली की ती दाबली जाते आणि वेळ-ठिकाणाची नोंद पुसली जाते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलवरून काढलेला, ती जराही बदलली की बदलणारा आकडा) येतं. ते मूळ फाइलचंच काढायचं.

दुसरं म्हणजे ढीग मोजा. पंचनाम्यात नुसतं "राडारोड्याचा ढीग" लिहिलं की उचलण्याचा खर्च वसूल करायला आधारच उरत नाही. 30 फूट लांब, 12 फूट रुंद, सरासरी 4 फूट उंच म्हणजे 1,440 घनफूट, 14.4 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट). विटा-प्लास्टरचा सुटा माल ब्रासला साडेतीन टन धरला तर सुमारे 50 टन.

आणि ढीग उकरून बघा. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असतं, गिऱ्हाइकाचं नाव नाही. पण टाइल्सच्या खोक्यात चुरगळलेलं दुकानाचं चलन किंवा ओट्याच्या मापांचा कागद सापडला तर साइटचा पत्ता हातात येतो. तो पंचांसमोरच काढायचा, आधी खिशात घालायचा नाही.

वजनकाटा:
वरचं सगळं बरोबर, पण ओढ्याकाठी रात्र जागवून एखादा डंपर सापडेल. वाघोलीच्या राडारोडा प्रक्रिया केंद्रापर्यंतच्या फेरीला डिझेल आणि वेळ जातो, ओढा वाटेतच लागतो. हे गणित बदलायचं तर पाडकामाच्या साइटवरच धरायला हवं.

जुनी इमारत पाडताना बांधीव क्षेत्राच्या चौरस मीटरला साधारण 300 ते 500 किलो माल निघतो. 1,000 चौरस मीटरची सोसायटी पाडली की 300 ते 500 टन, म्हणजे 85 ते 140 ब्रास. तेवढ्या मालाच्या, प्रक्रिया केंद्राच्या काट्यावरच्या वजनपावत्या परवानगीच्या फाइलला लागल्यात का, एवढाच प्रश्न. माहिती अधिकारात (अर्ज शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस) बांधकाम परवानगी विभागाकडे त्या परवानगीची प्रत आणि जोडलेल्या पावत्या मागा. "काय कारवाई केली?" असं विचारू नका, त्याला गोलमाल उत्तर येतं.

पावत्या आल्या की गाडी नंबर आणि वेळ लावून बघा. एकाच डंपरच्या वीस मिनिटांत तीन फेऱ्या, किंवा सगळ्या पावत्यांवर वजन हजाराच्या पटीत, असं दिसलं तर त्या एका बैठकीत केलेल्या आहेत.

पावत्या भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तपासणं माझ्या मते निरुपयोगी आहे. तोवर दोन वर्षं उलटून ढिगावर गवत उगवलेलं असतं. जोते तपासणीलाच (पाया जोत्यापर्यंत आल्यावर होते ती) अडवलं पाहिजे. 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या नव्या केंद्रीय नियमांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी (राडारोडा ज्याच्या कामातून निघतो, त्यानेच त्याची विल्हेवाट बघायची) 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर आहे. चार मजली सोसायटीचा पुनर्विकास त्यात बसत नाही. तिथे परवानगीतली पावत्या जोडायची अटच कामाची.

नदीकाठ:
आणि भरावात नुसती माती-मुरूम असेल तर?

सातबारा:
मग तहसीलदारांकडे जा. प्लॉटबाहेर नेलेल्या माती-मुरुमाला वाहतूक पास लागतो. नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि 48(8) खाली गाडी जप्त. गाडी अडकली की मालक आपणहून हजर होतो. विटा-काँक्रीटच्या मिश्र मालाला मात्र हे लागू पडत नाही, म्हणून पंचनाम्यात मालाचं वर्णन नीट हवं.

ढीग हलवायचा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपद्रव हटवण्याच्या आदेशासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तो आदेश दिवाणी कोर्टात आव्हानित करता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 वर (सार्वजनिक उपद्रव) वेळ घालवू नका, तिथे दंडच कमाल 1,000 रुपये. जागा निळ्या पूररेषेच्या (साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर पोचतो ती रेषा) आत असेल तर नकाशा जोडून जलसंपदा विभागालाही प्रत द्या.

पंचनामा:
तोपर्यंत वाट बंद करा. डंपर साधारण आठ फूट रुंद असतो. सहा फुटांवर काँक्रीटचे खांब रोवले की रिक्षा जाते, डंपर नाही. मधला एक खांब कुलपाचा ठेवा, नाहीतर पावसाळ्याआधी नाला साफ करायला येणारा जेसीबी अडेल आणि पहिल्याच दिवशी सगळे खांब उखडले जातील.