आई-बाबांना इनिश केल्ट्रा बेटावर न्यावं का? (लॉख डर्ग, आयर्लंड)

रेणुका_लिमरिक:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबा नाशिकहून येताहेत. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. जुनी लेणी, शिलालेख म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लॉख डर्ग सरोवरात इनिश केल्ट्रा नावाचं निर्जन बेट आहे आणि तिथे फार जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत असं कळलं. कोणी गेलंय का? बाबांचा गुडघा दुखतो, त्यांना झेपेल का? शोधायला गेलं की लॉख डर्गला लोक तीन दिवस उपास करून अनवाणी यात्रा करतात असं दिसतं. तो काय प्रकार आहे?

वसईची_लेक:
रेणुका, नक्की न्या. ती उपासाची यात्रा डोनेगलमधल्या लॉख डर्गची, पार उत्तरेला. आपलं हे शॅनन नदीवरचं, क्लेअर परगण्याच्या कडेचं. नाव एकच, सरोवरं दोन. तुमच्याकडून माउंटशॅननपर्यंत गाडीने तासाभराचा रस्ता, तिथल्या धक्क्यावरून लहान होडी. आदल्या दिवशी फोन करून ठेव. वारा सुटला तर होडीवाला नाही म्हणतो, तेव्हा आग्रह करू नये.

मी याच भागात नर्स आहे. वसईची, त्यामुळे छप्पर उडालेली चर्च लहानपणापासून किल्ल्यात पाहिलेली. पण ती पोर्तुगीजांची, सोळाव्या शतकापासूनची. इनिश केल्ट्रावर सातव्या शतकात संत कॅमिनचा मठ होता, आणि त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, संत कोलमचं नाव या बेटाशी जोडलेलं आहे. म्हणजे आपल्याकडे बदामीचे चालुक्य राज्य करत होते तो काळ. बाबांना हे सांग, लगेच तयार होतील.

बेट पन्नासेक एकरांचं, सगळं गवत. नुसती चर्चच सहा-सात आहेत. बाबांना थेट सेंट कॅमिनच्या चर्चपाशी ने. बाजूच्या भिंती समोरच्या भिंतीच्या थोड्या पुढे आलेल्या दिसतील. आधी ही चर्च लाकडाची असत, कोपऱ्यांना खांब असत; दगडात बांधायला लागले तरी गवंड्यांनी ते कोपरे तसेच ठेवले. आपल्या लेण्यांमध्ये दगडात लाकडी तुळया कोरल्यात ना, तसंच. बाबांना हे समजावून सांगायची गरजच पडणार नाही. पश्चिमेचा कमानदार दरवाजा बाराव्या शतकातला. तो ढासळला होता, एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभा केला.

शेजारी संतांची दफनभूमी. तिथल्या शिळा जमिनीसपाट आहेत, क्रूस कोरलेल्या, आणि 'अमक्यासाठी प्रार्थना करा' एवढाच मजकूर. एका शिळेवर तर फक्त 'दहा जणांची कबर' असं आहे. कोण दहा जण, कशाने गेले, काही नाही. मी तिथे उभी राहून दहाही जणांसाठी प्रार्थना करते. शिळांवर पाय पडू देऊ नका, गवतात चटकन दिसत नाहीत.

आणि एक मनापासून सांगते. तिथे कोणी राहत नाही, पण बेट टाकून दिलेलं नाही. आसपासच्या काही घराण्यांचे दफनाचे हक्क अजून तिथे आहेत. माझ्या एका सहकारी बाईचे वडील गेले तेव्हा मी गेले होते. शवपेटी होडीत आडवी ठेवलेली, दोन्ही बाजूंनी मुलगे हात धरून बसलेले, मागे नातेवाइकांच्या होड्या. धक्क्यावर उतरल्यावर पेटी खांद्यावर घेऊन ओल्या गवतातून चढ चढले. कबर शेजाऱ्यांनीच सकाळी येऊन खणली होती. एडना ओब्रायन या लेखिकेला 2024 मध्ये इथेच पुरलं, त्या जवळच्याच गावच्या. त्यामुळे ताजी फुलं दिसली तर तिथे फोटो काढत बसू नका.

सह्यभटक्या:
वरचं सगळं बरोबर. बेटावर एक जुना बुरुजही आहे, त्याबद्दल थोडं. चोवीसेक मीटर उंच, गोल, वरचं टोपीसारखं छप्पर नसलेला, दार जमिनीपासून बरंच वर. व्हायकिंग (उत्तरेकडून जहाजांनी येणारे लुटारू) आले की साधू शिडी ओढून आत लपायचे, असं सगळे सांगतात. पण हे बुरुज मुख्यतः घंटेसाठी बांधले जायचे. आत लाकडी मजले असायचे, खाली आग लावली तर आतले वाचणं कठीण. हल्ले मात्र खरे आहेत, 836 आणि 922 चे. दुसऱ्या वेळी लिमरिकच्या व्हायकिंगांनी इथल्या संतांचे अवशेष आणि ग्रंथ सरोवरात बुडवले असं जुन्या इतिवृत्तात आहे. पुढे सरोवराच्या दक्षिण टोकाला, किलालूला, आयर्लंडचा प्रसिद्ध राजा ब्रायन बोरू याची सत्ता आली. त्याचा भाऊ मार्कान या मठाचा प्रमुख होता, 1010 मध्ये वारला. परतताना किलालूवरून या, वाट फार वाकडी होत नाही.

रेणुका_लिमरिक:
ताई, दादा, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी कालच ठसे घेण्याचा कागद काढून ठेवलाय. तो आणू देऊ का? आणि गुडघ्याचं?

वसईची_लेक:
कागद नाशिकलाच ठेवायला सांग गं. हे राष्ट्रीय स्मारक आहे. ठसा घेताना दगड घासला जातो, ओला होतो, आणि हे दगड आधीच झिजलेत. अक्षरांत खडूही भरायचा नाही. त्याऐवजी चांगली बॅटरी आणा. शिळेच्या कडेशी जमिनीलगत धरली की सावल्या पडतात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरं उठून येतात. फोटोही तेव्हाच काढा.

गुडघ्याचं म्हणशील तर चढ फार नाही, पण पायवाट अशी नाहीच. जुने मातीचे बांध गवताखाली आहेत, गुरं चरतात, त्यामुळे खाचखळगे फार. काठी हवीच, बूट घोट्यापर्यंतचे. होडीत चढता-उतरताना दोघांनी धरा. बेटावर स्वच्छतागृह नाही, आडोसा नाही, चहाही मिळत नाही, तेव्हा माउंटशॅननलाच सगळं उरकून निघा. आईंसाठी घडीची खुर्ची घे. बाबा दफनभूमीत तासभर तरी हलणार नाहीत.