समुद्रातली हद्द: मधोमध रेघ मारा आणि मोकळे व्हा?

कर्कटक:
शेजारी देशांची समुद्रहद्द ठरायला पिढ्या का जाव्या लागतात? १९८२ च्या सागरी कायदा करारात किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांच्या पट्ट्यापुरतं स्पष्ट लिहिलंय: आपसात जमलं नाही तर मध्यरेषा, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची रेघ. जुना हक्क किंवा खास परिस्थिती असली तरच वेगळा विचार. पण पुढे २०० मैलांपर्यंत हाच करार ‘न्याय्य तोडगा काढा’ म्हणून हात झटकतो. न्याय्य म्हणजे समोरच्या न्यायाधीशाला वाटेल ते! त्यापेक्षा तिथेही मध्यरेषाच मारावी. भूमिती कुणाचीच सोयरी नाही.

ओहोटी:
सोयरी नसेल, पण किनारा वाकडा असला की तीही वाकडं वागते. कागदावर काढून बघा. शेजारी शेजारी तीन देश, मधल्याचा किनारा आत दबलेला. दोन्ही बाजूंच्या मध्यरेषा त्याच्या तोंडासमोर येऊन मिळतात आणि त्याला उरतो एक त्रिकोणी तुकडा. उत्तर समुद्रात डेन्मार्क आणि नेदरलँड्सच्या बेचक्यात पश्चिम जर्मनीचं हेच होणार होतं. १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी सांगितलं की मध्यरेषा जर्मनीवर बंधनकारक नाही. मग १९७१ च्या करारांत जर्मनीला समुद्राच्या मध्यापर्यंत जाणारी चिंचोळी पट्टी मिळाली.

आणखी एक. मध्यरेषेच्या प्रत्येक बिंदूसाठी जवळात जवळचं टोक तेवढं मोजतात. अख्खं आखात गप्प बसतं आणि पुढे आलेली चार टोकं बोलतात. याला निःपक्षपाती म्हणायचं?

कर्कटक:
जर्मनीचं मान्य. पण मग बंगालच्या उपसागरातल्या भारत-बांगलादेश वादाचं बघा. २०१४ मध्ये लवादाने मध्यरेषा एका ठिकाणी सोडली आणि तिथून १७७ अंश ३० मिनिटांच्या दिशेने, म्हणजे जवळपास थेट दक्षिणेकडे, सरळ रेघ ओढली. बांगलादेश सरकारच्या तेव्हाच्या आकड्यांनुसार वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ त्यांना मिळाले. किनारा आत दबलेला, कबूल. पण १७७ च का, १७५ का नाही? लवादातल्या पाच सदस्यांपैकी पी. एस. राव यांनीही मतभेद नोंदवला होता.

ध्रुवतारा:
तो कोन खटकतो हे खरं. पण त्यावरून सगळा मनमानी कारभार आहे म्हणणं म्हणजे अतीच झालं. काळ्या समुद्राच्या खटल्यात, रुमानिया विरुद्ध युक्रेन, २००९ मध्ये न्यायालयाने पायऱ्या नीट मांडल्या. आधी तात्पुरती मध्यरेषा, म्हणजे तुमचीच लाडकी. मग ती सरकवण्यासारखं काही कारण आहे का ते बघायचं. शेवटी किनाऱ्यांची लांबी आणि वाट्याला आलेलं पाणी यांचं प्रमाण फारच विजोड नाही ना, एवढं तपासायचं. रुमानिया आणि युक्रेनचे किनारे १:२.८, पाणी १:२.१, चालेल म्हणाले, रेषा हलवली नाही.

त्याच खटल्यातलं युक्रेनचं सर्पबेट घ्या. अर्धा चौरस किलोमीटरही नाही. ते धरून मध्यरेषा काढली असती तर रुमानियाचं केवढं तरी पाणी गेलं असतं. न्यायालयाने त्याला भोवतीचे १२ मैल दिले आणि मुख्य रेषेच्या हिशेबातून काढून टाकलं. नुसत्या कर्कटकाला हे जमलं नसतं (आयडीवर कोटी नाही, खरंच!).

कर्कटक:
कोटी पोचली 😀 पण ‘कारण’ कशाला म्हणायचं तेच तर ठरत नाही. १९८५ मध्ये लिबियाशी चाललेल्या खटल्यात माल्टा म्हणाला, आमच्याकडे ऊर्जेची साधनं नाहीत, विचार करा. न्यायालय म्हणालं, आर्थिक स्थिती बघत नाही. १९९३ मध्ये डेन्मार्कचं ग्रीनलँड आणि नॉर्वेचं यान मायेन बेट यांच्या मध्ये रेषा काढताना मात्र कॅपेलिन मासळीचा विचार झाला.

ओहोटी:
दोन्ही एका मापाने मोजू नका. माल्टा स्वतःची गरज सांगत होता. गरज आज असते, उद्या खनिज तेल सापडलं की संपते. हद्द दर वेळी हलवणार का? कॅपेलिनचा थवा दोघांच्याही पाण्यात फिरणारा. तिथे प्रश्न एवढाच होता की एका बाजूची जाळी रिकामी राहू नयेत. आणि रेषा सरकली त्याचं मुख्य कारण किनाऱ्यांच्या लांबीतली जवळपास नऊपट तफावत.

वाचनमात्र:
मध्येच तोंड घालतो. तुम्ही दोघं भूमिती आणि न्याय यावरच भांडताय, वहिवाट राहिली. पेरू विरुद्ध चिली, २०१४. चिली म्हणे अक्षांशाची आडवी रेघ, पेरू म्हणे मध्यरेषा. न्यायालयाने १९५४ चा मासेमारी करार आणि तेव्हाच्या मासेमारीचा पल्ला बघितला आणि ८० मैलांपर्यंत आडवी रेघच कायम ठेवली, कारण दोघं ती न बोलता मानत होते. त्यापुढे मध्यरेषा. किनाऱ्याजवळची अँकोव्ही मासळी चिलीकडे राहिली, पेरूला मिळालं खोल पाणी.

कर्कटक:
म्हणजे २०० पैकी १२० मैल माझे. घेतो.

ओहोटी:
घ्या. मासे पहिल्या ८० त आहेत.