मदत हवी आहे: दोन कर्जे चालू असताना तिसऱ्या घरासाठी टॉप-अप घ्यावे का?

चावीवाला:
भाड्याने दिलेल्या माझ्या दोन्ही घरांवर कर्ज चालू आहे. तिसरे घर चांगल्या भावात मिळत आहे. त्याच्या सुरुवातीच्या रकमेसाठी पहिल्या घरावर टॉप-अप (चालू कर्जावर मिळणारे वाढीव कर्ज) घ्यावे, की हाताशी असलेल्या पैशातून दुसऱ्याचे कर्ज फेडून मोकळे व्हावे, एवढेच विचारायचे आहे. विक्रेत्याला या आठवड्यात उत्तर हवे असल्याने ‘सल्लागाराला भेटा’ असे कृपया कोणी लिहू नये.

हिशेबनीस:
व्याजदर स्थिर आहे की बदलता, मुदत किती उरली आहे आणि खर्च वजा जाता भाडे किती उरते, यांपैकी काहीही आपण सांगितलेले नाही. उत्तर कशाच्या आधारावर द्यायचे?

चावीवाला:
दर बदलता आहे. भाड्यातून हप्ते निघतात.

कर्जमुक्त:
आधी दुसरे कर्ज फेडा. हप्ता गेला की रात्री झोप लागते. तिसरे घर कुठे पळून जात नाही.

तरफ:
असहमत. घरात अडकलेला पैसा अडचणीच्या वेळी हाती येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी बँकही नवे कर्ज द्यायला हात आखडता घेते. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय मुदतपूर्व फेड करणे हा शहाणपणा नव्हे.

हिशेबनीस:
‘हप्ते निघतात’ हे मोघम झाले. वर्षाच्या भाड्यातून रिकामे महिने, दुरुस्ती, कर आणि विमा वजा करा आणि उरलेल्या रकमेला वर्षभराच्या हप्त्यांनी भागा. उत्तर १ च्या खाली आले, तर फरक आपण पगारातून भरत आहात. कर्ज देणारे साधारणतः १.२ ते १.२५ ची अपेक्षा ठेवतात. टॉप-अपचा हप्ता धरूनही हा आकडा टिकतो का, ते पाहा.

नवागत:
घर स्वतःच्या नावावर घेण्यापेक्षा कंपनी काढून घ्यावे, असे माझे मत आहे.

चावीवाला:
ते मी विचारलेले नाही. हिशेबनीस, आकडा १.०५ आला, टॉप-अप धरल्यास ०.९. पण दर वाढूनही माझा हप्ता वाढलेला नाही, त्यामुळे ताण जाणवत नाही.

हिशेबनीस:
हे आधी सांगायला हवे होते. हप्ता वाढला नसेल, तर मुदत वाढली असणार. २० वर्षांच्या कर्जावर ८ टक्के दराने लाखामागे हप्ता सुमारे ८३६ बसतो. कर्ज घेतल्याबरोबर दर १० टक्के झाला, तर पहिल्या महिन्याचे व्याजच ८३३ होते. हप्ता तोच ठेवल्यास मुद्दलात जेमतेम ३ जमा होतात आणि कर्ज फिटायला सुमारे ५६ वर्षे लागतात. कर्जाचे विवरणपत्र मागवून मुद्दल खरोखर किती उतरते आहे ते तपासा.

तरफ:
शिवाय दोन्ही कर्जे एकाच बँकेची असतील, तर एकाच्या थकबाकीसाठी दुसरे घरही तारण धरता येते का, हे करारात वाचा. असे कलम असेल, तर टॉप-अपमुळे भाडे देणारी दोन्ही घरे एकाच दोरीने बांधली जातील. हे मीही मान्य करतो.

चावीवाला:
दोन्ही कर्जे एकाच बँकेची आहेत. विवरणपत्र काढले, पहिल्या कर्जाची मुदत नऊ वर्षांनी वाढलेली दिसते. विक्रेत्याला नकार कळवतो आहे. आता हाताशी असलेली रक्कम पहिल्या कर्जात भरल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्यावी, की हप्ता कमी करून घ्यावा?

हिशेबनीस:
एकूण व्याज मुदत घटवल्यानेच अधिक वाचते. पण १.०५ वर हप्ता कमी करून घेणे मला जास्त सुरक्षित वाटते. मात्र तरफ यांनी सांगितलेली सहा महिन्यांची रक्कम आधी बाजूला काढा आणि उरेल तेवढीच भरा.