‘ब्रूस्टर’ला कलालीण म्हणावं का?

उंबरठा: मध्ययुगीन इंग्लंडमधल्या बायकांच्या कामधंद्यावरचा एक लेख मराठीत करते आहे. त्यात ‘ब्रूस्टर’ येते, म्हणजे घरी एल (हॉप्स न घातलेली जवाची बिअर) करून विकणारी बाई. मी ‘कलालीण’ लिहिलं. संपादकांचा शेरा आला, ‘कलालीण म्हणजे कलालाची बायको. इथे बाई स्वतः धंदा करते.’ पण माझ्या आजोळी कासारीण म्हणजे बांगड्या भरायला येणारी बाई. तिचा नवरा आम्ही कधी पाहिलासुद्धा नाही. कोण बरोबर?

जुनी वही: संपादक बरोबर. पाटलीणबाई पाटीलकी करत नसतात.

तिरपागडा: आणि सुईण कोणाची बायको हो?

जुनी वही: अपवाद काढून नियम मोडत नाही.

घाटमाथा: अपवाद कसला? कोळीण मासे विकते, माळीण फुलं विकते. नवऱ्याचा संबंध येतोच कुठे? आमच्या गावात तर ‘मास्तरीणबाई’ दोन होत्या. एक शाळेत शिकवायच्या, दुसऱ्या मास्तरांच्या मंडळी. निरोप नेहमी चुकीच्या घरी जायचा.

कोशातली अळी: गंमत म्हणजे इंग्रजीतला तो ‘-स्टर’ मुळात काम करणाऱ्या बाईचाच प्रत्यय. वेबस्टर विणणारी, बॅक्स्टर पाव भाजणारी, स्पिन्स्टर कातणारी. पुढे पुरुषांनाही लागला, आडनावं झाली. कातणारीचं मात्र सतराव्या शतकापर्यंत कायद्याच्या कागदांत ‘अविवाहिता’ होऊन बसलं. म्हणजे आपण ज्याला प्रमाण मानतो त्या वेबस्टर कोशाचं नाव मराठीत ‘कोष्टीण’!

तिरपागडा: आता कोष्टिणीत बघून सांगतो. :)

जुनी वही: विषयावर या. ‘यवसुराकर्त्री’ असा निर्दोष शब्द असताना प्रश्नच येत नाही. यव म्हणजे जव. अर्थ स्पष्ट, नवऱ्याची भानगड नाही.

घाटमाथा: हा शब्द एका दमात म्हणायचा तर आधी एल घ्यावी लागेल.

दर्यावर्दी: कलाल मला वेगळ्याच कारणासाठी खटकतो. तो दारू गाळणारा. एल गाळत नाहीत, आंबवतात, आणि ती पोरंसोरंही रोज प्यायची. हॉप्स नसल्यामुळे चार दिवसांत बिघडायची, म्हणून घरोघरी पुन्हापुन्हा करावी लागे आणि उरेल ती विकली जाई. करून झाली की दाराबाहेर काठी लावायची, मग चव बघणारा अधिकारी यायचा. आपल्याकडे जवळचं काही असेल तर आंबील. ती कोण विकतं?

उंबरठा: हे पटतंय. आणखी एक अडचण. लेखात म्हटलंय की एल करायची बायको, पण दंडाच्या नोंदीत नाव बऱ्याचदा नवऱ्याचं. म्हणजे शेऱ्यातला घोळ तिथल्या कारकुनांनीही करून ठेवलाय. आणि मार्जरी केंप आहेच. लिन गावची, तीनचार वर्षं मोठ्या प्रमाणावर एल केली, फेस बसायला लागला, पैसे बुडाले. मग घोड्यांची चक्की काढली, तीही बुडाली. १४३०च्या दशकात तिने स्वतः हे सांगून लिहून घेतलं. तिला कलालाची बायको कसं म्हणू? नवरा तर या धंद्यात कुठेच नाही.

कोशातली अळी: तिला ‘एलवाली’ म्हणा. भाजीवाली, दूधवाली म्हटल्यावर कोणी नवरा विचारत नाही.

जुनी वही: ‘वाली’ हिंदी आहे.

घाटमाथा: आणि ‘कलाल’ कुठून आला? संस्कृत ‘कल्यपाल’वरून. सगळेच कुठून तरी आलेत. तसं बघितलं तर सुईण सुईवरून आली असेल, नाळ कापल्यावर शिवायला.

कोशातली अळी: अहो नाही! ‘सूति’, प्रसूतीतली. सुईचा काही संबंध नाही. नाळ शिवतात का कुठे?

घाटमाथा: आमची आजी तसंच सांगायची. ती स्वतः सुईण होती.

कोशातली अळी: व्युत्पत्ती बाळंतपणाच्या अनुभवावरून ठरत नाही हो.

तिरपागडा: आजीवर जाऊ नका.

उंबरठा: उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त ‘ब्रूस्टर’च ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘एल करून विकणारी’ असा खुलासा देते. संपादक काय म्हणतात बघू.

जुनी वही: म्हणजे इंग्रजीच जिंकली.

दर्यावर्दी: आंबिलीचा विषय निघालाच आहे तर विचारते, नाचणीचं पीठ रात्री नुसत्या पाण्यात भिजवता की ताकात? आमच्याकडे सासर-माहेरचा वाद आहे.